इस्माईल बिन अब्दुल्ला

जहांआराच्या पायाला त्या आठवड्यात भिंगरीच लागली होती. शारजात अल नहदाला तिचा फ्लॅट. किचनपासून बाल्कनीपर्यंत मोजून पंधरा पावलं, आणि ती पंधरा पावलं बाई सकाळपासून चालत होती. चहा टाकायची, तो ओट्यावरच थंड व्हायचा. फोन उचलायची आणि कुणाला करायचा होता तेच विसरायची. कारण एकच होतं. पोरीचं लग्न अडलं होतं, आणि अडवणारा माणूस परका असता तर बरं झालं असतं. तो घरचा होता.

पोरगी म्हणजे इनाया. सत्तावीस वर्षांची, हमरिया फ्री झोनमधल्या एका पेंटच्या कंपनीत केमिस्ट. मुलगा अर्सलान, त्याच कंपनीत क्वालिटी बघणारा. पोरगा गुणी, कमावता, बोलायला गोड. नाव ठेवायला जागा नाही. मग इनायाच्या चुलत्यांनी ती जागा त्याच्या बापात शोधली. अर्सलानची आई हैदराबादची, पण बाप फिलिपिन्सचा, जन्माने ख्रिश्चन. तरुणपणी मलेशियात कामाला असताना कलमा पढून मुसलमान झालेला.

"नौमुस्लिमाच्या घरात आपली मुलगी द्यायची?" हमदुल्लाभाईंनी फोनवर विचारलं होतं. "माणसं चांगली असतील, जहांआरा, मी नाही म्हणत नाही. पण नसब नको बघायला? आजा कोण, पणजा कोण, काही पत्ता? आपण मूळचे येमेनचे, हदरमौतचे अरब. खलास. हा विषय परत काढायचा नाही."

हमदुल्लाभाई म्हणजे जहांआराचे थोरले दीर, तिचे भाईजान. राहायला अबुधाबीला, वय एकाहत्तर. आता कुणी म्हणेल, दीर नाही म्हणतोय तर म्हणू दे, लावून टाका लग्न. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! कोकणी मुसलमानांत वलीशिवाय निकाह लागत नाही. मुलीच्या बाजूने मुलगी देणारा पुरुष लागतो, आणि तो कोण हेही ठरलेलं. बाप नसेल तर आजा, आजा नसेल तर भाऊ, भाऊ नसेल तर चुलता. इनायाचा बाप ती नऊ वर्षांची असताना हार्ट अटॅकने गेला. आजा त्याच्या आधीच गेलेला, भाऊ झालाच नाही. उरले हमदुल्लाभाई, आणि त्यांनी तर नाकाने कांदे सोलायला घेतलेले.

बरं, माणूस वाईट असता तर जहांआराने पदर खोचून भांडण केलं असतं. पण भाऊ गेल्यावर याच माणसाने दर गुरुवारी अबुधाबीहून दीडशे किलोमीटर गाडी हाकली होती. इनायाला सायकल यांनीच शिकवली. शाळेत पालकांना बोलावलं की बापाच्या खुर्चीवर हेच बसायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, टीचरला आधी सलाम करून. पोरगी त्यांना बडे अब्बा म्हणायची ती काही उगाच नव्हे.

मंगळवारी इनाया ऑफिसातून आली, बॅग सोफ्यावर टाकली आणि म्हणाली, "अम्मी, इट्स सिंपल. मी कोर्टात अर्ज करते. वली विनाकारण अडवत असेल तर जज स्वतः वली होतो. आय चेक्ड. मंडेची अपॉइंटमेंट घेतलीय."

"बडे अब्बांवर केस करणार तू?"

"केस नाही, अम्मी. ॲप्लिकेशन."

"पण त्यांना समोर बोलावतील ना?"

"येस." इनाया बुटाची लेस सोडत राहिली. "अँड ही विल सिट देअर अँड से नो. आय नो."

कोर्टात एका बाजूला पोरगी, दुसऱ्या बाजूला चुलता. लग्न होईलही, पण त्यानंतर ही दोन माणसं एकमेकांचं तोंड बघणार नाहीत हे तिला आरशासारखं दिसत होतं. बाप तर गेलाच होता पोरीचा. आता बापाच्या जागचा माणूसही जाणार, आणि तोही जिवंतपणी. सोमवारला सहा दिवस होते.

बुधवारी अर्सलानचा बाप कागदपत्रांच्या झेरॉक्स द्यायला आला. युसुफ त्याचं नाव. बुटका, हसरा माणूस, बायकोकडून उचललेली हैदराबादी हिंदी खणखणीत आवाजात बोलायचा. जहांआराने चहा पुढे ठेवला आणि हाताला चाळा म्हणून कागद चाळू लागली. मलेशियातला कलमा पढल्याचा दाखला होता. नाव: युसुफ बिन अब्दुल्ला.

"आपके वालिद भी मुसलमान थे क्या?" तिने विचारलं. मनात म्हणाली, तसं असेल तर भाईजानांचं तोंडच बंद.

"नै बहेन, वो तो रोद्रिगो! चर्च में घंटा बजाते थे."

"फिर ये अब्दुल्ला कौन?"

"कोई नहीं." युसुफ खळखळून हसला. "उदर रिवाज है. जो नया मुसलमान होता, उसके बाप की जगे अब्दुल्ला लिख देते. अल्ला का बंदा. सब के बाप अल्ला के बंदे, है ना? मेरे साथ और नौ लोगां थे, सब के सब बिन अब्दुल्ला. एक दिन में दस भाई हो गये!"

जहांआरा हसली. मग तिचं हसू जागच्या जागी थिजलं. हात कपाकडे गेला तो तसाच राहिला.

हमदुल्लाभाईंच्या अबुधाबीच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर, सोनेरी फ्रेममध्ये घराण्याचा शजरा लावलेला होता. वंशवेल. आजोबांनी जुन्या कागदावरून सुवाच्य अक्षरात उतरवलेली. नवी सून आली की तिला आधी तो दाखवायचा, मग शरबत. जहांआराने लग्न होऊन आल्यापासून तो शंभरदा वाचला होता. अगदी वर, सगळ्यांच्या मुळाशी, एक नाव: इस्माईल बिन अब्दुल्ला. आणि अब्दुल्लाच्या वर कोरा कागद.

इस्माईलचा बाप अब्दुल्ला, म्हणजे अरबी नाव. घरात दर पिढीला एखादं पोर गोरं आणि घाऱ्या डोळ्यांचं निपजतं, म्हणजे रक्तही अरबी. आणि समुद्रापलीकडून कोकणात उतरला, तर हदरमौतचाच असणार, दुसरा कुठला! एवढ्यावर आजोबांनी ठरवून टाकलं होतं आणि नातवाने ते उराशी धरलं होतं. हमदुल्लाभाई एकदा तर गाडी घेऊन ओमानच्या पार टोकाला, येमेनच्या सरहद्दीजवळच्या सलालापर्यंत गेले होते, पूर्वजाच्या बापाची कबर शोधायला. तिथे अब्दुल्लांच्या कबरी निघाल्या ढीगभर. आपला कोणता ते कोण सांगणार? दोन किलो लोबान घेऊन परत आले बिचारे.

अल्ला, जहांआरा मनात म्हणाली, हा अब्दुल्लासुद्धा तसलाच असला तर?

युसुफ जिना उतरतो न उतरतो तोच तिने गावाला फोन लावला. गाव बोरखाडी, रायगडच्या किनाऱ्यावर. तिथे तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ मोईन जमातीचा सेक्रेटरी होता.

"मोईन, काझींचं जुनं निकाहाचं दफ्तर अजून आहे का?"

"आहे की भाभी. काझींच्या घरात लोखंडी पेटीत. कुणी उघडत नाही. वाळवीने खाल्लं नसलं म्हणजे मिळवली."

"मला इस्माईलचा निकाह पाहिजे. शजऱ्यातला पहिला. त्याच्या मुलाचा जन्म बाराशे ऐंशी हिजरी आहे, त्याच्या आधीची दोन-चार वर्षं बघ."

"अगं भाभी, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं! तुला तिथे काय काम नाही का?"

"आहे. हेच आहे. आज जा."

"जातो इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको, जा."

तो काही बुधवारी गेला नाही. गुरुवारी काझी मुरुडला गेलेले, पेटीची किल्ली त्यांच्या खिशात. शुक्रवारी जहांआराने अकरा फोन केले, बाराव्याला मोईनने उचललाच नाही. भरदुपारी तिने कपाटातली सगळी भांडी काढून पुन्हा घासली. इनाया म्हणाली, "अम्मी, आर यू ओके?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" आणि कढई आपटली. पोरीला तिने काही सांगितलं नव्हतं. हातात येईपर्यंत कशाला आशा लावा?

शनिवारी सकाळी फोटो आला. पिवळं पान, कडा कुरतडलेल्या, अक्षर मुंग्या चालाव्यात तसं. फारसी. जहांआराला कुराण वाचता येत होतं, उर्दू अडखळत अडखळत येत होतं, पण हे लिहिणाऱ्याने अक्षरांवरचे ठिपके, नुक्ते, द्यायचे म्हणजे जणू स्वतःच्या ताटातलं काढून द्यायचं असं मानलेलं. तिला एकच नाव लागलं. इस्माईल.

फारसी वाचणारा कोण? तिला हम्माद आठवला. रास अल खोरला सुक्या मेव्याचा होलसेल, घराणं इराणच्या लारचं. नवरा होता तेव्हा रमजानचा खजूर याच्याकडूनच यायचा. तिने टॅक्सी केली. एरवी बसने जाणारी बाई, पण आज बसची वाट कोण बघणार? गोदामात पिस्त्याच्या गोण्यांमध्ये हम्माद खुर्ची टाकून बसला होता. त्याने चष्मा पुसला, फोन लांब धरला, जवळ धरला, फोटो मोठा केला.

"पढो ना चचा," जहांआरा उभीच होती.

"सब्र करो बेटी, काझी का हाथ बहुत खराब है." मग तो हळूहळू वाचून हिंदीत सांगू लागला. दूल्हा इस्माईल बिन अब्दुल्ला, नौमुस्लिम. आधीचं नाव आमोस. मुलूख अमेरिका, शहर बोस्टन. बर्फाच्या जहाजावरचा सुतार. तापाने आजारी पडला म्हणून जहाज त्याला मुंबईत सोडून गेलं. तिथून मचव्याने या गावी आला. दोन वर्षं इथे होड्या बांधतो. जुम्म्याच्या नमाजनंतर सगळ्या जमातीसमोर कलमा पढला.

हम्मादने मान वर केली. "बर्फ का जहाज? अमेरिका से? ये काझी मजाक करता था क्या?"

जहांआराला त्या क्षणी बर्फाचं काही पडलं नव्हतं. तिला नाचावंसं वाटत होतं. नौमुस्लिम! काळ्या शाईत, काझीच्या हाताने, नौमुस्लिम! सगळं अरबस्तान पालथं घातलं भाईजानांनी, आणि गावच्या काझीची पेटी उघडून बघितली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"दुल्हन का बाकी है," हम्माद म्हणाला.

"बस चचा, मेरा काम हो गया," असं म्हणून ती निघालीसुद्धा. हम्मादने दिलेल्या बदामाच्या पिशवीला तिने शुक्रिया म्हटलं की नाही कुणास ठाऊक.

रविवारी सकाळी ती अबुधाबीच्या बसमध्ये बसली. वाटेत फोनवर शोधलं तर बर्फाचं खरं निघालं. त्या काळी अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांमधून बर्फाच्या लाद्या कापायचे, लाकडाच्या भुशात दडपायचे आणि जहाजाने अर्धी पृथ्वी ओलांडून मुंबईच्या साहेबांच्या ग्लासात घालायला आणायचे. तसल्या जहाजावरचा एक सुतार, परमुलखात तापाने फणफणलेला, आपल्या माणसांनी टाकून दिलेला. घारे डोळे मग त्याचेच की. जहांआराला त्याची दया आली, पण दयेला आज वेळ नव्हता. ती तोंडातल्या तोंडात वाक्यं घोकत होती. असं म्हणायचं, मग तसं म्हणायचं, आणि मग भाईजानांना बोलायला जागाच उरणार नाही.

हमदुल्लाभाईंनी दार उघडलं. "अशी अचानक? इनाया बरी आहे ना?"

"बरी आहे," ती म्हणाली. बसलीही नाही. घोकलेली सगळी वाक्यं गळून पडली आणि एकच बाहेर आलं. "भाईजान, आपण अरब नाही. इस्माईल अमेरिकन होता. नौमुस्लिम. हे बघा, काझींच्या दफ्तरात आहे."

मग तिने युसुफचा दाखला, दहा बिन अब्दुल्ला, मोईनचा फोटो, हम्मादचं वाचन, बोस्टन, सुतार, सगळं एका दमात ओतलं. हमदुल्लाभाई ऐकत राहिले. आधी त्यांचा चेहरा लाल झाला, मग राखेसारखा. नजर एकदा सोफ्यावरच्या फ्रेमकडे गेली आणि लगेच खाली आली. जहांआराला वाटलं, जिंकलो.

"झालं तुझं?" ते म्हणाले.

"झालं."

"म्हणजे चाळीस वर्षं मी लोकांसमोर गाढव ठरलो, हे सांगायला तू एवढ्या लांब आलीस."

"तसं नाही भाईजान..."

"तसंच आहे! मोईनला माहीत, त्या इराण्याला माहीत, उद्या गावभर होईल. माझी मान खाली घालायला लावलीस. घातली. पण त्यानं काय झालं? होता नौमुस्लिम, बरं, होता. म्हणून मी सही करू? मला हरवलंस म्हणून? नाही करणार."

जहांआरा मटकन सोफ्यावर बसली. हे तिच्या ध्यानीमनीच नव्हतं. तिला वाटलं होतं, पुरावा दाखवला की माणूस वळतो. कुठला वळतोय! हात दाखवून अवलक्षण करून बसलो आपण. होता तो अर्धा दरवाजाही आपल्याच हाताने लावला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते पुसायचं त्राणही तिच्यात उरलं नाही.

हमदुल्लाभाई खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते. जहांआराचा फोन त्यांच्याच हातात राहिला होता. मग, रडणाऱ्या बाईकडे बघवत नव्हतं म्हणून असेल किंवा तो माणूस खरंच आपला होता का ही रुखरुख म्हणून असेल, त्यांनी फोन वर धरला आणि वाचायला लागले. गावच्या मदरशात लहानपणी फारसी घोटलेली होती त्यांची. अडखळत होते, पण वाचत होते.

"आमोस," ते पुटपुटले. "बोस्टन. सुतार." मग आणखी खाली गेले. आणि थांबले. पुन्हा वर जाऊन तीच ओळ वाचली.

"हे वाचलंस तू? खालचं?"

"मला फारसी कुठे येते?" ती नाक पुसत म्हणाली. "खाली काय आहे?"

"नवरी सफुराबी," ते वाचू लागले. "बाप मयत, भाऊ नाही. वली चुलता. चुलत्याला तीन वेळा बोलावणं पाठवलं. चुलता आला नाही. मुलीकडचं कोणी हजर नाही. तेव्हा काझीने स्वतः वली होऊन निकाह लावला."

जहांआराने ओढणीने डोळे पुसले.

"म्हणजे आपली आजी," जहांआरा म्हणाली. "आपल्या सगळ्यांची."

"तीन वेळा बोलावलं," हमदुल्लाभाई म्हणाले. "पहिल्या बोलावण्याला वाटलं असेल तिला, येतील. दुसऱ्यालाही वाटलं असेल. तिसऱ्याला काय वाटलं असेल गं त्या पोरीला?"

जहांआराने आता काही राखून ठेवलं नाही. "भाईजान, इनाया उद्या कोर्टात अर्ज देतेय. जजला वली करायचा."

ते गर्रकन वळले. "मला नाही बोलली?"

"विषय काढायचा नाही म्हणालात ना."

"एकटी जाणार?"

"मी असेन."

"तू आई आहेस. तुला वलीत कोण धरतो? मुलीकडचं कोणी हजर नाही, असंच लिहितील ते." ते खुर्चीत बसले आणि फोटो पुन्हा मोठा केला. बोटाने पान इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकवत राहिले, काहीतरी हरवल्यासारखे.

"काय शोधताय?"

"त्याचं नाव. चुलत्याचं." ते अजून शोधत होते. "नाहीये. सुताराचं आहे. काझीचं आहे. साक्षीदार दोन कोळी मुसलमान होते, त्यांचीही आहेत. ह्याचं नाही लिहिलं. नुसतं चुलता. चुलता आला नाही."

जहांआराने उठून त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

त्यांनी तिच्याच फोनवरून इनायाला फोन लावला. स्पीकरवर. फोन टीपॉयवर ठेवला.

"अम्मी? व्हेअर आर यू?"

"मी बोलतोय."

पलीकडून अगदी लहान आवाज आला, नऊ वर्षांच्या पोरीचा यावा तसा. "बडे अब्बा?"

"तो अर्ज दिलास?"

"नॉट येट. उद्या."

"देऊ नकोस. त्या फिलिपिनोच्या पोराला सांग, मी अजून नाराज आहे. त्याच्या बापाला सांग, संध्याकाळी मी येतोय, चहा करून ठेव. आणि निकाहाची तारीख घे, लवकरची."

इनाया रडत होती. ती काहीतरी म्हणत होती, इंग्रजीत, मराठीत, शब्द लागत नव्हते.

"रडू नकोस, बेटा, ऐक," हमदुल्लाभाई म्हणाले. त्यांचेही गाल ओले झाले होते. "कोर्टात निकाह नोंदवतात त्या माणसाला एक बजावून सांग. वलीच्या रकान्यात माझं नाव पूर्ण लिहायचं. हमदुल्ला, बापाचं नाव, आडनाव, सगळं. नुसतं चुलता लिहायचं नाही."